पीएसए वाढला, आता पुढे काय?

साठीला आलेल्या वडिलांना वाढदिवसाला काय द्यायचे, या प्रश्नाला हल्ली एक सोपे उत्तर मिळाले आहे : ‘फुल बॉडी चेकअप’. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला, वडील साताऱ्यात, जळगावात किंवा रत्नागिरीत. मोबाइलवर पॅकेज निवडायचे, पैसे भरायचे. सकाळी सात वाजता लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या रांगेत कुठेतरी एक ओळ असते : पीएसए. समोर ६.२ असा ठळक आकडा आणि शेजारी ‘एच’, म्हणजे ‘हाय’. मर्यादा लिहिलेली असते ४ पर्यंत. मुलगा त्या तीन अक्षरांचा अर्थ इंटरनेटवर शोधतो आणि पहिल्याच ओळीत ‘प्रोस्टेटचा कर्करोग’ हे शब्द वाचतो. त्या रात्री दोन गावांतल्या दोन घरांत कुणाचाच डोळा लागत नाही.

असे प्रसंग आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. यात रक्त नेणाऱ्याची चूक नाही आणि यंत्राचीही नाही. चुकला आहे तो क्रम. ही चाचणी कशासाठी, तिचा आकडा वाढला तर पुढे काय करावे लागते, ते करायची तयारी आहे का, हे बोलणे रक्त देण्याआधी व्हायला हवे होते. ते झाले नाही. वडिलांना तर पॅकेजमध्ये ही चाचणी आहे हेच ठाऊक नव्हते.

वाढलेला पीएसए हे कर्करोगाचे निदान नव्हे. तपास सुरू करावा, एवढाच त्याचा अर्थ. या तपासाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यातली पहिली पायरी बायोप्सी नसून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करणे ही आहे. घाबरून दुसऱ्याच दिवशी सुई टोचून घेणे जितके चुकीचे, तितकेच ‘वय झाले की होतेच’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकणेही चुकीचे. महाराष्ट्रात या दोन्ही चुका सर्रास होतात, कधीकधी एकाच घरात.

ही चाचणी मोजते काय?

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि तिच्या मधून मूत्रनलिका जाते. वीर्यातला काही द्रव ही ग्रंथी तयार करते. त्या द्रवात एक प्रथिन असते, प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. हे प्रथिन ग्रंथीतच राहायचे असते, पण त्याचा अगदी थोडा अंश रक्तात झिरपतो. चाचणी मोजते ती हा झिरपा, एका मिलिलिटर रक्तात किती नॅनोग्रॅम या हिशेबाने. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

ग्रंथी मोठी झाली, सुजली, तिला धक्का लागला किंवा तिच्यात कर्करोग झाला, तर झिरपा वाढतो. म्हणजे हे प्रथिन ‘प्रोस्टेटचे’ आहे, ‘कर्करोगाचे’ नाही. नावातच हे सांगितलेले आहे, तरी वाचणारा नेमके हेच विसरतो.

या चाचणीचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधील अशा प्रतिजनाविषयी लिहिले. १९७९ मध्ये बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेतील शास्त्रज्ञांनी पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या चाचणीला मान्यता दिली, ती ज्यांना आधीच कर्करोग झाला आहे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. उपचारांनंतर आकडा खाली गेला का, पुन्हा चढतो आहे का, हे पाहण्यासाठी ही चाचणी फार उपयोगी होती आणि आजही आहे. कर्करोग शोधण्यासाठी, तोही बोटाने केलेल्या तपासणीच्या जोडीने, तिला मान्यता मिळाली १९९४ मध्ये. त्यानंतर निरोगी पुरुषांच्या सरसकट चाचण्यांची लाट आली. २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या सरसकट वापराला विरोध करणाऱ्यांत खुद्द ॲब्लिनच होते.

४ या आकड्याभोवती तर मोठा गैरसमज आहे. ४ च्या आत असेल तर सुटलो, वर गेला तर सापडलो, असे मानले जाते. पण ती संख्याशास्त्राने आखलेली एक सोयीची रेषा आहे. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा पीएसए वर्षानुवर्षे ४ किंवा त्याहून कमी होता अशा पुरुषांचीही बायोप्सी करण्यात आली. त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये कर्करोगाच्या पेशी आढळल्या. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. युरोपातील सर्वांत मोठ्या चाचणी-अभ्यासात पीएसए वाढला म्हणून ज्यांची बायोप्सी झाली, त्यांच्यापैकी दर चौघांतल्या तिघांना कर्करोग नव्हता. रेषेच्या खाली पूर्ण निर्धास्तपणा नाही आणि वर गेल्यावर शिक्कामोर्तब नाही. शक्यता मात्र आकड्याबरोबर वाढत जाते. पाश्चात्त्य देशांच्या अनुभवानुसार ४ ते १० या पट्ट्यात बायोप्सी केलेल्या साधारण चौघांपैकी एकाला कर्करोग निघतो. १० च्या वर हे प्रमाण निम्म्याच्या पुढे जाते. भारतातील काही रुग्णालयांच्या अभ्यासांत ४ ते १० या पट्ट्यातील प्रमाण त्याहूनही कमी आढळले आहे.

आकडा चढतो कशाने?

सर्वांत मोठे कारण वय. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी हळूहळू वाढते. लघवीची धार बारीक होणे, रात्री दोन-तीनदा उठावे लागणे, लघवी झाली तरी पूर्ण न झाल्यासारखे वाटणे, ही त्या वाढीची लक्षणे. एसटीने लांबचा प्रवास करायचा म्हणून सकाळपासून पाणीच न पिणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. ही वाढ कर्करोग नसते आणि पुढे कर्करोगात बदलतही नाही. पण ग्रंथी मोठी, तितका झिरपा जास्त. म्हणून चाळिशीत २.५ हा आकडा विचार करायला लावतो, तर सत्तरीत ५ किंवा ६ अनेकदा नुसत्या वाढीचा असतो.

दुसरे कारण जंतुसंसर्ग. लघवीचा संसर्ग किंवा ग्रंथीची सूज असेल, तर पीएसए काही दिवसांत कित्येक पटींनी चढू शकतो आणि उतरायला आठवडे घेतो. लघवी तुंबून नळी घालावी लागली, मूत्रमार्गाची दुर्बिणीने तपासणी झाली, बायोप्सी झाली, तरी आकडा चढतो. वीर्यपतनानंतर एक-दोन दिवस तो किंचित वाढलेला असू शकतो. जोरदार व्यायामाने, विशेषतः लांब पल्ल्याच्या सायकलिंगनेही फरक पडू शकतो. म्हणून चाचणीआधी ४८ तास या दोन्ही गोष्टी टाळाव्यात आणि लघवीचा संसर्ग झाला असेल तर निदान सहा आठवडे थांबावे, असा सल्ला देतात. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा यातले काहीच विचारत नाही. त्याने ते विचारावे अशी अपेक्षाही कुणी ठेवलेली नसते.

तिसरे कारण म्हणजे शरीराचे रोजचे चढउतार. काहीच बिघडलेले नसताना एकाच माणसाचा पीएसए दोन वेगळ्या दिवशी १५ ते २० टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो. त्यात लॅब बदलली, यंत्र आणि किट बदलले, तर आणखी फरक पडतो. एका लॅबचा ३.६ आणि दुसरीचा ४.३ यांची तुलना करून ‘वाढला’ म्हणणे बरोबर नाही. सोन्याचे वजन दोन वेगवेगळ्या काट्यांवर करून घट शोधण्यासारखे ते आहे.

आकडा फसवा कमी दाखवणारीही एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. ग्रंथीची वाढ रोखण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे देतात. सहा महिने ते वर्षभर ती घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो. अशा माणसाचा ३ हा आकडा खरे तर ६ समजून वाचायचा असतो. केस गळू नयेत म्हणून कमी मात्रेत हेच फिनास्टेराइड घेणारे चाळिशी-पन्नाशीतले पुरुष आज शहरांत पुष्कळ आहेत. केसांची गोळी आणि प्रोस्टेटचा रिपोर्ट यांचा संबंध असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून डॉक्टरांना सर्व गोळ्या सांगायच्या, त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्यासुद्धा.

पायरी चुकवू नये

६.२ असा आकडा आलेल्या, त्रास नसलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाने काय करावे? पहिली गोष्ट, सहा ते आठ आठवडे थांबून त्याच लॅबमध्ये चाचणी पुन्हा करावी. दरम्यान लघवीची साधी तपासणी करून संसर्ग नाही ना, हे पाहावे. पहिल्यांदा वाढलेला पीएसए पुन्हा तपासल्यावर २५ ते ४० टक्के पुरुषांत नेहमीच्या पातळीवर आलेला दिसतो. अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते : नव्याने वाढलेला आकडा दिसला तर एमआरआय किंवा बायोप्सीकडे वळण्याआधी चाचणी पुन्हा करा. काही शे रुपयांची ही दुसरी चाचणी अनेकांचे काही हजार रुपये आणि कित्येक रात्रींची झोप वाचवू शकते.

इथे एक मोह टाळायला हवा. कोणतेही लक्षण नाही, लघवीत जंतू नाहीत, तरी ‘आकडा उतरतो का पाहू’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याला आधार नाही. आकडा आपोआपही उतरतो आणि श्रेय गोळीला मिळते. शिवाय जंतू औषधांना दाद देईनासे झाल्याची समस्या भारतात आधीच गंभीर आहे. विनाकारण अँटिबायोटिक घेऊन पुढे बायोप्सी झालीच, तर त्यावेळचा संसर्ग आटोक्यात आणणे अवघड होऊ शकते.

दुसऱ्यांदाही आकडा वरच राहिला, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे म्हणजे युरोलॉजिस्टकडे जावे. ते गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. या तपासणीची लाज वाटून परत फिरणारे पुरुष पुष्कळ आहेत. तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि ग्रंथीतली टणक गाठ बोटाला जाणवू शकते. मग सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार पाहतात. पीएसएच्या आकड्याला ग्रंथीच्या आकाराने भागायचे, हा हिशेब साधा पण फार कामाचा आहे. ग्रंथी ६० सीसीची असेल तर ६.२ भागिले ६० म्हणजे सुमारे ०.१०. तोच आकडा २५ सीसीच्या लहान ग्रंथीतून येत असेल तर उत्तर येते जवळपास ०.२५. साधारण ०.१५ च्या वर उत्तर गेले की संशय वाढतो. आकडा एकच, माणसे दोन आणि अर्थही दोन.

४ ते १० या पट्ट्यात ‘फ्री पीएसए’ ही आणखी एक चाचणी उपयोगी पडते. रक्तातला काही पीएसए मोकळा असतो आणि काही दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेला. मोकळ्याचे प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त असेल तर कर्करोगाची शक्यता बरीच कमी असते. ते १० टक्क्यांच्या खाली असेल तर ती बरीच वाढते.

यानंतर एमआरआय. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात सर्वांत मोठा बदल झाला तो इथे. पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी, म्हणजे दहा-बारा ठिकाणी अंदाजाने सुया टोचून तुकडे घेणे, अशी रीत होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०० पुरुषांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात एका गटाचा आधी एमआरआय केला आणि संशयास्पद भाग दिसला तरच त्या भागाची बायोप्सी केली. त्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना बायोप्सीची गरजच पडली नाही. तरीही उपचार करण्याजोगे कर्करोग जास्त सापडले, ३८ टक्के विरुद्ध २६ टक्के. निरुपद्रवी कर्करोग मात्र कमी सापडले, ९ टक्के विरुद्ध २२ टक्के. अर्थात एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव यात महत्त्वाचा, आणि एमआरआय स्वच्छ आला तरी शंका शून्य होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र असले तरी प्रोस्टेटचा एमआरआय वाचण्याचा सराव असलेले तज्ज्ञ मिळतीलच असे नाही. अशा वेळी सीडी घेऊन मोठ्या शहरात दुसरे मत घेतलेले बरे. आठ-पंधरा दिवसांच्या उशिराने अशा आजारात सहसा काही बिघडत नाही.

बायोप्सी करायची वेळ आलीच, तर ती कोणत्या मार्गाने होणार हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. गुदाशयातून सुई घातली तर संसर्गाचा धोका असतो. वृषणांच्या मागच्या त्वचेतून, म्हणजे सीवनीतून घातली तर तो कमी होतो.

कर्करोग निघाला तरी घाई नाही

कर्करोग हा शब्द ऐकला की घरात एकच वाक्य उमटते, ‘काढून टाका’. प्रोस्टेटच्या बाबतीत हे वाक्य उच्चारण्याआधी थांबावे लागते. या ग्रंथीतले अनेक कर्करोग इतक्या मंद गतीने वाढतात की ज्याला तो झाला आहे, तो माणूस पूर्ण आयुष्य जगून दुसऱ्याच कारणाने जातो. इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या वृद्ध पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये न कळलेला कर्करोग सापडणे नवे नाही. म्हणूनच बायोप्सीच्या रिपोर्टमधला ग्लीसन आकडा महत्त्वाचा. ६ असेल तर आजार सौम्य, ८ ते १० असेल तर आक्रमक.

ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेला ‘प्रोटेक्ट’ अभ्यास या बाबतीत प्रत्येक कुटुंबाला सांगण्यासारखा आहे. पीएसए चाचणीतून कर्करोग सापडलेल्या आणि तो ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या या पुरुषांचे तीन गट केले. एकाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार, तिसऱ्यावर फक्त नियमित देखरेख. २०२३ मध्ये १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू झालेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखे, सुमारे ३ टक्के होते. देखरेखीच्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण जास्त होते, ९ टक्के विरुद्ध ५ टक्के, हेही सांगायला हवे. त्या गटातल्या बऱ्याच जणांना पुढे उपचार घ्यावे लागले. पण ते गरज पडली तेव्हा घेतले, आणि चौघांपैकी एकाला तर १५ वर्षांत काहीच करावे लागले नाही.

शस्त्रक्रियेची किंमतही तेवढीच खरी आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १८ ते २४ टक्के पुरुषांना सात ते बारा वर्षांनंतरही लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते. देखरेखीच्या गटात हे प्रमाण ९ ते ११ टक्के होते. लैंगिक क्षमतेवरील परिणाम वेगळा. आक्रमक कर्करोगात जीव वाचत असेल तर ही किंमत मोजावीच. सौम्य कर्करोगात ती मोजण्याआधी दोन वेगळ्या डॉक्टरांशी बोलावे, आणि त्या बोलण्यात पत्नीही असावी. अशा निर्णयाचे परिणाम दोघांना मिळून सोसायचे असतात.

मग चाचणी करूच नये?

इतके वाचून कुणी म्हणेल, तर मग ही चाचणीच नको. तसे म्हणणेही घाईचे आहे. युरोपातील सात-आठ देशांत १ लाख ६२ हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. हे प्रमाण दुसऱ्या भाषेत सांगायचे तर चाचणीसाठी बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एकाचा या कर्करोगाने होणारा मृत्यू टळला. न बोलावलेल्यांत १.६ टक्के मृत्यू, बोलावलेल्यांत १.४ टक्के. फायदा खरा आहे, पण तो लहान आहे आणि तो दिसायला वर्षे लागतात. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांविषयीच्या कृतिगटाने २०१२ मध्ये या चाचणीविरुद्ध दिलेला सल्ला २०१८ मध्ये बदलला : ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून आपापला निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर सरसकट चाचणी करू नये.

भारतात चित्राची दुसरी बाजूही आहे. पुणे, दिल्ली, कोलकाता यांसारख्या शहरांच्या कर्करोग नोंदणीत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांतल्या आघाडीच्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि अनेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतात ते आजार हाडांत गेल्यावर. त्यांची गोष्ट बहुतेकदा सारखीच असते. बायको कधीची सांगत असते, ‘अहो, रात्री चारदा उठता, एकदा दाखवून या.’ नवरा म्हणतो, ‘वय झालंय, चालायचंच.’ मग कंबर दुखू लागते. तेल चोळले जाते, पट्टा लागतो, दुखण्यावरच्या गोळ्या होतात, कुणी मणक्याचा त्रास म्हणते. सहा महिन्यांनी कुणीतरी पीएसए करायला सांगते, तेव्हा आकडा शेकड्यात असतो. अशा माणसाला चाचणीच्या तोट्यांवरचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याला चाचणी हवी होती, वेळेवर.

इथेच तपासणी आणि निदान यांतला फरक समजून घ्यावा. काहीच त्रास नसलेल्या माणसाने पीएसए करावा की नाही, यावर वाद आहे. लघवीचा त्रास, लघवीत किंवा वीर्यात रक्त, न थांबणारी कंबरदुखी किंवा हाडदुखी, पायांत अचानक आलेला अशक्तपणा, यांपैकी काही असलेल्या साठीतल्या माणसाने डॉक्टरांकडे जावे, यावर कोणताही वाद नाही. वडील किंवा भाऊ यांना हा कर्करोग झाला असेल, किंवा घराण्यात स्तनाच्या आणि बीजांडाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकातला दोष असेल, तर चाचणीचा विचार चाळिशी-पंचेचाळिशीतच सुरू व्हायला हवा. मावशीला, बहिणीला झालेला स्तनाचा कर्करोग आणि भावाचा प्रोस्टेट यांचा संबंध असू शकतो, हे फार थोड्या घरांत माहीत असते. आणि एक दिलासाही : साठाव्या वर्षी ज्याचा पीएसए १ च्या आत आहे, त्याला पुढे या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता अगदी नगण्य असते. त्याने दरवर्षी रक्त देत बसण्यात अर्थ नाही.

पॅकेजमधली ओळ

देशाच्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कर्करोगांसाठी सरसकट तपासणी आहे : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. प्रोस्टेट त्यात नाही. जे सरकारी धोरणाने केलेले नाही, ते पॅकेजच्या बाजाराने परस्पर करून टाकले आहे. पस्तिशीतल्या तरुणाच्या पॅकेजमध्ये पीएसए असतो आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांच्याही. दोघांनाही त्याचा फायदा जवळजवळ नाही. त्रास मात्र दोघांनाही होऊ शकतो. पंचावन्न ते सत्तर या वयोगटाला फायदा होऊ शकतो, तर त्याला समजावून सांगणारे कुणी नसते.

यात बदल अवघड नाही. पीएसए पॅकेजमधून वेगळा काढावा आणि ज्याला हवा त्यानेच तो मागून घ्यावा. रक्त घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत : वय काय, घरात कुणाला हा आजार होता का, लघवीचा संसर्ग किंवा नळी घालणे अलीकडे झाले आहे का, कोणती औषधे चालू आहेत. रिपोर्टवर ‘एच’ छापताना खाली एक ओळ मराठीत छापावी : हा आकडा अनेक कारणांनी वाढतो, काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा आणि डॉक्टरांना भेटा. या एका ओळीला शाईखेरीज खर्च नाही. फॅमिली डॉक्टरांनीही रिपोर्ट पाहताच थेट ‘मोठ्या डॉक्टरांकडे’ धाडण्याऐवजी पहिली फेरतपासणी स्वतः करून घ्यावी. त्यासाठी कोणत्याही सुपरस्पेशालिस्टची गरज नसते.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या उपायांपासून दूर राहावे. पीएसए उतरवण्याचे काढे, बिया आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांचा तिथे सुकाळ आहे. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या प्रोस्टेटचा कर्करोग टाळतात का, हे पाहिले होते. २०११ मध्ये निष्कर्ष आला तो उलटा. त्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

साताऱ्यातल्या त्या वडिलांनी आणि पुण्यातल्या मुलाने त्या रात्री करण्यासारखे खरे तर फार थोडे होते. इंटरनेट बंद करायचे. गेल्या महिनाभरात ताप, लघवीची जळजळ, एखादी नवी गोळी असे काही झाले का, ते आठवायचे. आधीचे रिपोर्ट असतील तर ते काढून ठेवायचे, कारण दोन वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याइतकाच बोलका असतो. दीड-दोन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि त्या तारखेला, त्याच लॅबमध्ये, पुन्हा रक्त द्यायचे. मुलाने त्या दिवशी रजा काढून गावी यावे, एवढे मात्र जरूर करावे. पॅकेज फोनवरून घेता येते. रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांसमोर वडिलांच्या शेजारी बसायला कुणीतरी असलेले बरे.